छत्तीस मिनिटे की सव्वा तास?

सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले ते ९ जून २०२५ रोजी. आठवड्याभरात शाळा उघडल्या आणि नववीच्या वर्गात मी वेग, अंतर, वेळ यांची उजळणी घेतली. पुस्तकातल्या आगगाड्या मुलांना कंटाळवाण्या वाटतात, म्हणून गावातले ताजे उदाहरण घेतले. सोलापूर ते गोवा सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर, तर वेळ किती? साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितले, छत्तीस मिनिटे. मी ‘बरोबर’ म्हणालो आणि पुढच्या गणिताकडे वळलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, माझा मामा त्याच विमानानं आला. त्याला सव्वा तास लागला.”

“विमानाला उशीर झाला असेल,” मी म्हणालो.

“नाही सर, तिकिटावरच तसं छापलंय.”

दुसऱ्या दिवशी तिने तिकीट आणून दाखवले. निघण्याची आणि पोचण्याची वेळ यांत तासाहून बरेच अधिक अंतर होते. आता मात्र पंचाईत झाली. विमान रोजच उशिरा येणार असे गृहीत धरून कोणी वेळापत्रक छापत नाही. म्हणजे चूक एक तर माझ्या ३०० मध्ये होती, नाही तर ५०० मध्ये, नाही तर त्या दोघांचा भागाकार करण्यातच. हे तिन्ही तपासण्यात आमचे गणिताचे आणि भूगोलाचे मिळून चार तास गेले. ते वाया गेले असे मला वाटत नाही, म्हणून हा लेख.

अंतर मोजू या

पहिला संशय अंतरावर. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढता येते, पण नकाशाचा कागद सुरकुतलेला आणि प्रमाण लहान. त्यापेक्षा अक्षांश-रेखांशांवरून काढणे अधिक चांगले. होटगी रस्त्यावरचा आपला विमानतळ १७ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ५६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. गोव्याकडचा विमानतळ म्हणजे पेडणे तालुक्यातले मोपा, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत. त्याचे स्थान १५ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व.

इथे विमानवाल्यांची आणि दर्यावर्दी लोकांची एक जुनी सोय फार उपयोगी पडते. ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो आला कुठून हे कळले की विचित्र वाटत नाही. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण दिशेने अक्षांशाचे एक मिनिट ओलांडायला जेवढे चालावे लागेल, तेवढा एक सागरी मैल. म्हणजे अक्षांशांच्या वजाबाकीतून थेट मैल मिळतात, गुणाकार करायलाच नको.

सोलापूर आणि मोपा यांच्या अक्षांशांत फरक १ अंश ५३ मिनिटे, म्हणजे ११३ मिनिटे. तेव्हा मोपा आपल्या ११३ सागरी मैल दक्षिणेला आहे. रेखांशांत फरक २ अंश ४ मिनिटे, म्हणजे १२४ मिनिटे. मुले लगेच म्हणाली, ‘१२४ मैल पश्चिमेला.’ इथे थांबायला हवे. सगळी रेखावृत्ते ध्रुवाशी एकत्र येतात. विषुववृत्तावर दोन रेखावृत्तांत जितके अंतर असते, तितके सोलापूरला उरत नाही. संत्र्याच्या फोडी आठवाव्यात: मधोमध रुंद, टोकाशी निमुळत्या. किती निमुळत्या झाल्या ते अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. आपण दोन्ही ठिकाणांचा मध्य धरू, सुमारे १६.७ अंश. त्याचा कोसाइन ०.९५८. १२४ ला त्याने गुणले की साधारण ११९ मैल येतात.

आता ११३ मैल दक्षिणेला, ११९ मैल पश्चिमेला आणि मध्ये काटकोन. पुढचे पायथागोरसवर सोपवावे. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की १६४ सागरी मैल, म्हणजे ३०४ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालेल, असे कोणी विचारले तर त्याला शाबासकी द्यावी. काटेकोर पाहता चालत नाही. पण दोन-चारशे किलोमीटरच्या टापूत पृथ्वीचा बाक इतका थोडा आहे की चूक नगण्य राहते. कोसाइनचा गुणाकार विसरलो तर मात्र चूक दिसू लागते: ३०४ ऐवजी ३११ किलोमीटर येतात. मुंबईसाठी तीच चूक १६ किलोमीटरची होते, कारण सोलापूरहून मुंबई उत्तरेपेक्षा पश्चिमेलाच जास्त दूर आहे. मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे. मुलांकडून हे गणित करून घ्यावे. उत्तर १९५ सागरी मैल, म्हणजे ३६१ किलोमीटर यायला हवे. रुळांवरून हेच अंतर ४५५ किलोमीटर भरते, कारण आगगाडीला पुण्याला जायचे असते, घाट उतरायचा असतो, वाटेतल्या गावांना भेटायचे असते.

एकूण काय, माझे ३०० बरोबर होते. अंतर निर्दोष सुटले.

वेग कोणता?

या मार्गावर जे विमान आले ते एटीआर-७२ जातीचे. दोन इंजिने, त्यांना पंख्यासारखी फिरणारी पाती, सत्तरच्या आसपास माणसे बसतील एवढे. उंचावर समपातळीत उडताना ते ताशी सुमारे २७५ सागरी मैल, म्हणजे ५१० किलोमीटर जाते. (ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. जुन्या काळी जहाजावरून गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून वेग मोजत, त्या गाठींवरून हे नाव पडले.) म्हणजे माझे ५०० देखील खोटे नव्हते.

खोटे होते ते हे, की हा वेग संपूर्ण वाटेवर असतो असे मी न सांगताच मानले होते. ‘ताशी ५०० किलोमीटर’ हा विमानाचा सर्वांत ऐन भरातला वेग. आपण मात्र तो सरासरी वेग असल्यासारखा भागाकारात घातला. सोलापूरहून पुण्याला निघालेल्या एसटीच्या चालकाला विचारले, ‘गाडी किती पळते?’ तर तो म्हणेल, ‘ऐंशीनं.’ म्हणून कोणी अडीचशे किलोमीटर भागिले ऐंशी करून स्वारगेटला रिक्षा सांगून ठेवत नाही. एसटीच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला उपजत असते. विमान म्हटले की ते हरवते, कारण विमानाला थांबे नाहीत, फाटक नाही, रस्त्यावर बैलगाडी नाही असे वाटते.

आता हा प्रवास तुकड्यातुकड्याने पाहू. आकडे ढोबळ आहेत, रोज थोडे बदलतील, पण चित्र खरे आहे.

एटीआर एवढ्याशा अंतरासाठी साधारण १६ हजार फूट, म्हणजे पाचेक किलोमीटर उंची गाठते असे धरू. चढताना ते मिनिटाला सुमारे हजार-अकराशे फूट चढते, म्हणजे वर पोचायला १५ मिनिटे हवीत. चढाला लागलेल्या गाडीसारखाच त्याचा वेगही कमी असतो, तासाला १९० मैलांच्या आसपास. या पंधरा मिनिटांत जमिनीवरचे ४८ मैल मागे पडतात. उतरताना वैमानिक एक सोपा आडाखा वापरतात: दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. १६ हजार फुटांना पुन्हा ४८ मैल लागले. उतार असला तरी धावपट्टीजवळ येईपर्यंत वेग कमी करत आणायचा असतो, म्हणून त्यात १२ मिनिटे जातात.

आता गंमत पाहा. १६४ मैलांपैकी ९६ मैल चढण्या-उतरण्यातच गेले! भरवेगाने उडायला उरले फक्त ६८ मैल, त्याला लागतात १५ मिनिटे. सोलापूर सोडून वर येऊन स्थिर होतो न होतो तोच सह्याद्रीच्या अलीकडे विमानाला उतरायला सुरुवात करावी लागते. पंधरा, पंधरा आणि बारा मिळून ४२ मिनिटे झाली. ३६ ची ४२ झाली, पण अजून सव्वा तास दूर आहे.

सरळ रेषा कुठे मोडते

राहिलेला वेळ दोन्ही टोकांना आहे. तिकिटावरची वेळ विमान आकाशात असल्याची नसते. दार लागून, चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचे हलते तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ असतो. जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकाशी जायचे, वळायचे, परवानगी घ्यायची. पलीकडे उतरल्यावर पुन्हा तसेच. ही जमिनीवरची चाल दोन्हीकडची मिळून दहा मिनिटे सहज खाते आणि हे सारे माणूस धावेल त्याहून फार जास्त वेगाने होत नाही.

शिवाय विमान गोव्याच्या दिशेने तोंड करून उडतच नाही. सोलापूरहून मोपा साधारण नैर्ऋत्येला आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजले तर सुमारे २२६ अंशांवर. पण विमानाला धावपट्टी ज्या दिशेला आहे त्याच दिशेने उडता येते. सोलापूरच्या धावपट्टीच्या टोकांवर १५ आणि ३३ हे आकडे आहेत. हा धावपट्टीचा अनुक्रमांक नव्हे. शेवटचे शून्य गाळलेली ती दिशा आहे: एका बाजूने धावले तर १५० अंश, म्हणजे आग्नेयेकडे, दुसरीकडून ३३० अंश, म्हणजे वायव्येकडे. (कुठल्याही धावपट्टीच्या दोन आकड्यांत १८ चाच फरक का, हा प्रश्न मुलांना घरी विचार करायला द्यावा.) वारा समोरून येईल ती बाजू निवडतात. कोणतीही निवडली तरी गोव्याकडे वळायला पाऊण काटकोनाहून मोठे वळण घ्यावेच लागते. मोपालाही तसेच. वाऱ्याची दिशा प्रतिकूल असली तर विमानतळ ओलांडून पुढे जायचे आणि वळून मागे यायचे. त्यात सात-आठ मिनिटे सहज जातात.

उतरण्याची शेवटची वाट तर आखीव असते. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. तीन अंशांचा टॅन्जन्ट ०.०५२, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ५२ मीटर. धावपट्टीपासून एक किलोमीटरवर विमान जमिनीपासून पन्नास-साठ मीटरवर असते, दोन किलोमीटरवर शंभराच्या थोडे वर. सोलापूरकरांना हे गणित पुस्तकाशिवाय माहीत आहे. श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्याआधी कित्येक वर्षे हा वाद गावात चालू होता. एका बाजूला विमानसेवा मागणारे नागरिक, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद आणि कामगार. त्या वादात कोणाचे बरोबर होते हे इथे सांगायचे नाही. पण ‘विमान इतके उंच उडते, त्याला चिमणीची काय अडचण?’ असे तेव्हा अनेकजण विचारत, त्याचे उत्तर मात्र द्यायला हवे. विमान उंच उडते ते वाटेत. विमानतळाच्या जवळ ते चिमणीच्याच उंचीवर असते. आंतरराष्ट्रीय नियमांत तर विमानाच्या वाटेखाली बरीच मोकळी जागा राखलेली असते. मोठ्या धावपट्टीभोवती सुमारे चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक अदृश्य छत कल्पिलेले असते आणि त्याच्या वर काहीही डोकावू नये अशी अपेक्षा असते. वर्गात दोऱ्याने आणि कोनमापकाने हे दाखवता येते. आमच्या वर्गात फळ्याची खालची कड धावपट्टी झाली आणि खडूचा तुकडा चिमणी.

तर बेचाळीस, वळणांची आठ आणि जमिनीवरची दहा मिळून साठ मिनिटे झाली. वेळापत्रक करणारे त्यात पाच-दहा मिनिटे गाठीला ठेवतात, कारण एकाच विमानाला दिवसभरात अनेक गावे करायची असतात आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. मामाचे तिकीट खरे निघाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा आम्हाला ताळा करायची संधी मिळाली. हे विमान जेट इंजिनांचे, एम्ब्रायर १७५. उंचावर ते ताशी ८०० किलोमीटर जाते. ३६१ भागिले ८००, सत्तावीस मिनिटे. प्रत्यक्ष वेळापत्रकात साधारण तास. वेग दीडपट, पण प्रवास दीडपट लवकर होत नाही. भरवेगाने जायला वाटच उरत नाही, शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते आणि येणाऱ्या विमानांची आकाशात रांग लागते. अंतर जितके कमी तितका विमानाचा ऐन वेग निरुपयोगी.

घरापासून घरापर्यंत मोजले तर चित्र आणखी बदलते. विमानतळाला जाणे, तासभर आधी पोचणे, उड्डाण, सामान घेणे, मुंबईच्या गर्दीतून मुक्कामी जाणे, असे चार तास सहज होतात. म्हणजे सरळ अंतराच्या हिशेबाने ताशी नव्वद किलोमीटर. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीला ४५५ किलोमीटरसाठी साधारण साडेसहा तास ठरवून दिले होते, म्हणजे ताशी सत्तर. ८०० आणि ७० यांची तुलना करणारा माणूस भलत्याच गोष्टींची तुलना करतो. खरी तुलना चार तास आणि साडेसात-आठ तास यांची आहे. गोव्याचे पारडे मात्र विमानाकडे जास्त झुकते, कारण तिकडे जमिनीवरची वाटच आडवळणाची आहे.

वारा

एक गोष्ट राहिली. विमानाचा वेग हा हवेतला वेग. हवा स्वतःच सरकत असेल तर नदीतल्या होडीसारखी स्थिती होते. पावसाळ्यात दख्खनवर खालच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात, तेव्हा गोव्याहून येणाऱ्या विमानाला वारा पाठीशी आणि परत जाणाऱ्याला समोर. मुले म्हणतात, ‘जाता-येता फिटंफाट होईल.’ होत नाही. ३०० किलोमीटरची वाट, विमान ५०० चे आणि वारा १०० चा धरा. पाठीशी वारा असताना ६०० च्या वेगाने ३० मिनिटे, समोर असताना ४०० च्या वेगाने ४५ मिनिटे, एकूण ७५. वारा नसता तर ७२. ही तीन मिनिटे कुठून आली यावर वर्गात चांगली अर्धा तास चर्चा होते. गुरुकिल्ली एवढीच की प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते.

लांबच्या प्रवासात वारा अंतरावरही मात करतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली आणि अमेरिकेतले सॅन फ्रान्सिस्को यांच्यात दोरा ताणून पाहावा. दोरा उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो आणि अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात. इथे आपला सपाट पायथागोरस साफ हरतो. एअर इंडियाचे विमान या प्रवासासाठी आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून, १५,३०० किलोमीटर उडाले. चौदाशे किलोमीटरचा फेरा घेऊनही ते साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे सुमारे दोन तास लवकर, कारण उंचावरचे पश्चिमी वारे साऱ्या वाटेवर पाठीशी होते. सरासरी काढली तर ताशी १०५५ किलोमीटर येते. एवढा विमानाचा हवेतला वेग मुळीच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मामा पुन्हा गोव्याला गेला. त्या मुलीने त्याच्या हाती एक कागद दिला होता: विमान हलले ती वेळ, चाके जमिनीवरून उचलली ती वेळ, इंजिनांचा आवाज बदलला त्या दोन वेळा, चाके टेकली आणि विमान थांबले त्या वेळा. मामाने इमानाने सगळे लिहून आणले. जमिनीवर सात मिनिटे, चढण्यात सोळा, समपातळीत चौदा, उतरण्यात आणि वळण्यात एकवीस, पुन्हा जमिनीवर चार. एकूण बासष्ट. कागदाच्या खाली मामाने स्वतःहून एक ओळ जोडली होती, की विमान तिकिटावरच्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच पोचले आणि न्यायला येणारा मित्र अजून वाटेतच होता.